घरचे सर्कस बघायला गेले आणि या माणसाला रोगाशी लढणाऱ्या पेशी सापडल्या

१८८२ चा डिसेंबर महिना. इटलीतल्या सिसिली बेटावरचं मेसिना शहर. समुद्राकाठच्या एका घरातली सगळी मंडळी सर्कस बघायला गेली होती. सर्कशीत कसरती करणारी माकडं आली होती, त्यामुळे पोरं जाम खुशीत होती. घरी मागं राहिला फक्त ३७ वर्षांचा एक दाढीवाला रशियन माणूस. प्राध्यापकाची नोकरी सोडून आलेला, आणि शिक्षणानं डॉक्टर नसलेला.

तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. काचेवर होती तारामाशाची अळी. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे तिच्या पोटात काय चाललंय ते चिरफाड न करता दिसतं. त्या अळीच्या आत काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. या पेशी त्यानं आधीही पाहिल्या होत्या. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न आला. या पेशी नुसत्या भटकत नसतील आणि बाहेरून घुसलेल्या शत्रूला गाठत असतील तर?

तो उठला आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. मग बागेत गेला. नाताळ जवळ आला होता आणि तिथं एका संत्र्याच्या झाडाला पोरांसाठी ख्रिसमस ट्री म्हणून सजवलं होतं. बागेतल्या गुलाबाचे बारीक काटे त्यानं तोडले आणि अळीच्या पारदर्शक कातडीखाली टोचले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं, तर प्रत्येक काट्याभोवती त्या फिरत्या पेशींनी गराडा घातला होता.

आपल्या बोटात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी तिथं सूज येते आणि पू धरतो. तेच इथं घडत होतं. फरक एवढाच की या अळीला ना रक्तवाहिन्या असतात, ना मेंदू. तरी तिच्या पेशी धावून आल्या होत्या.

या माणसाचं नाव इल्या मेचनिकॉव्ह. आज रोगप्रतिकारशक्ती हा शब्द आपण चहाच्या टपरीवर सुद्धा वापरतो, पण आपलं शरीर स्वतःच रोगाशी लढतं आणि त्यासाठी त्याच्याकडे खास पेशी असतात, ही गोष्ट पहिल्यांदा ठामपणे मांडणारा माणूस तो. त्यापायी त्याला पुढची २५ वर्षं भांडावं लागलं. आणि गंमत म्हणजे त्याच्या विरोधकांना सगळ्यात मोठा पुरावा मिळाला तो त्याच्याच प्रयोगशाळेतून.

मेचनिकॉव्हचा जन्म १८४५ चा, खारकिव्हजवळच्या खेड्यातला. तेव्हा हा भाग रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. वडील सैन्यात अधिकारी, आई ज्यू घराण्यातली. भावाला शिकवायला येणाऱ्या एका विद्यार्थ्यामुळं इल्याला झाडापानांचं वेड लागलं. आठ-नऊ वर्षांचा असताना तो गावातल्या वनस्पतींची टिपणं काढायचा आणि भावंडांना, शेजारच्या पोरांना गोळा करून त्यावर व्याख्यान द्यायचा. पोरं कंटाळून पळून जाऊ नयेत म्हणून स्वतःच्या खाऊच्या पैशातून त्यांना पैसेही द्यायचा.

त्याला खरं तर डॉक्टर व्हायचं होतं. आईनंच मोडता घातला. एवढ्या हळव्या मुलाला लोकांचं दुखणं रोज बघवणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून तो प्राणिशास्त्राकडे वळला. खारकिव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत उरकला, जर्मनी आणि इटलीत जाऊन समुद्री जीवांवर काम केलं आणि पंचविशी गाठायच्या आत ओडेसा आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये शिकवायला लागला.

आईचं निदान मात्र अचूक होतं. माणूस खरंच हळवा होता.

१८६९ मध्ये त्यानं ल्युडमिला या मुलीशी लग्न केलं. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी चर्चपर्यंत चालत जायचीही ताकद तिच्यात नव्हती, तिला खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागलं. पुढची चार वर्षं तो तिला घेऊन उबदार हवेच्या शोधात फिरत राहिला. क्षयाचा जंतू अजून कुणाला माहीत नव्हता, चांगली हवा एवढंच औषध होतं. शेवटी अटलांटिक महासागरातल्या मदेइरा बेटावर १८७३ मध्ये ती गेली. त्या धक्क्यात मेचनिकॉव्हनं स्वतःचं आयुष्य संपवायचा प्रयत्न केला, पण तो वाचला.

याच बेटावर दोन वर्षांनी आणखी एक क्षयरोगी राहायला आला. पॉल लँगरहान्स नावाचा जर्मन डॉक्टर. त्यानं १८६८ मध्ये, बर्लिनमध्ये विद्यार्थी असताना, माणसाच्या कातडीत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी शोधल्या होत्या. आकार बघून त्याला वाटलं की या मज्जासंस्थेच्या पेशी असाव्यात. तो अंदाज चुकला होता. त्या होत्या रोगप्रतिकारक पेशी, आणि त्यांचं खरं काम कळायला शंभरहून जास्त वर्षं जावी लागली. लँगरहान्स १८८८ मध्ये मदेइरातच वारला. या पेशी लक्षात ठेवा, गोष्टीत त्या पुन्हा येणार आहेत.

१८७५ मध्ये मेचनिकॉव्हनं दुसरं लग्न केलं. ओडेसात त्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ओल्गाला तो प्राणिशास्त्र शिकवायचा, तिच्याशीच. ही साथ शेवटपर्यंत टिकली. पुढं त्याचं चरित्र लिहिलं तेही ओल्गानंच. पण १८८० मध्ये तिला विषमज्वर झाला, विद्यापीठात राजकारण पेटलं आणि मेचनिकॉव्ह पुन्हा खचला. १८८१ मध्ये त्यानं उलटतापाच्या रोग्याचं रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतलं. हा ताप रक्तातून पसरतो का ते बघायचं, असं कारण होतं. आपण यातून उठलो नाही तरी हरकत नाही, असाही विचार त्यामागं होता. ताप आला, भयंकर आला, पण तो पुन्हा वाचला. आणि त्यानंतर जगण्याविषयीची त्याची ओढ कायमची परत आली.

त्याच वर्षी झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि रशियन विद्यापीठांवर सरकारी पकड घट्ट झाली. १८८२ मध्ये मेचनिकॉव्हनं राजीनामा दिला. ओल्गाच्या माहेरचे थोडे पैसे हाताशी होते. तिची लहान भावंडं सोबत घेऊन सगळं बिऱ्हाड मेसिनाला गेलं. पुढं काय झालं ते सुरुवातीला आलंच आहे.

मेचनिकॉव्हनं काही हवेतून शोध काढला नव्हता. जखमेजवळ पांढऱ्या पेशी जमतात आणि त्यांच्या पोटात जंतू दिसतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण बहुतेकांचं मत उलटं होतं. जंतू या पेशींमध्ये घुसतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन अंगभर पसरतात, असं ते मानायचे. म्हणजे दृश्य तेच, पण एकाला पोलीस दिसत होता आणि बाकीच्यांना चोराची गाडी.

त्या काळातला वैद्यकशास्त्रातला दादा माणूस रुडॉल्फ व्हिरखो योगायोगानं मेसिनाला आला होता. त्यानं तो प्रयोग पाहिला, कौतुक केलं आणि जपून पावलं टाकायचा सल्लाही दिला. व्हिएन्नात कार्ल क्लाउस या प्राध्यापकानं या पेशींसाठी ग्रीक नाव सुचवलं, फॅगोसाइट. म्हणजे खाणारी पेशी, आपल्या भाषेत भक्षक पेशी.

पण तारामाशात काटा टोचणं वेगळं आणि खरा रोग वेगळा. म्हणून त्यानं डॅफ्निया नावाचा पाण्यातला इवलासा किडा घेतला. हाही पारदर्शक. त्याच्या पोटात सुईसारखे टोकदार बीजाणू असलेली एक बुरशी शिरते आणि तो मरतो. मेचनिकॉव्हनं बघितलं की आतल्या पेशींनी बीजाणू वेळेत खाऊन टाकले तर किडा जगतो, आणि बीजाणू उगवून बुरशी वाढली तर किडा मरतो. १८८४ मध्ये हे छापून आलं. रोग म्हणजे दोन जिवांमधली झुंज आहे आणि ती डोळ्यांनी बघता येते, हे पहिल्यांदाच समोर आलं.

१८८६ मध्ये ओडेसात जंतुशास्त्राची संस्था सुरू झाली आणि मेचनिकॉव्हला प्रमुख केलं गेलं. इथं त्याचे हाल झाले. गावातले डॉक्टर म्हणायचे, हा तर डॉक्टरच नाही. त्यात १८८८ मध्ये तो बाहेरगावी असताना एका जमीनदाराच्या मेंढ्यांना संस्थेनं दिलेली अँथ्रॅक्सची लस टोचली गेली आणि हजारो मेंढ्या मेल्या. आता इथं राहण्यात अर्थ नाही हे त्याला कळून चुकलं.

तो बर्लिनला रॉबर्ट कॉखकडे आपली काचपट्टी घेऊन गेला. क्षय आणि कॉलऱ्याचे जंतू शोधणारा कॉख म्हणजे तेव्हा जंतुशास्त्रातला शेवटचा शब्द. कॉखनं थंड प्रतिसाद दिला. मग तो पॅरिसला लुई पाश्चरला भेटला. पाश्चर म्हातारा झाला होता, अर्धांगवायूचे झटके सोसून थकला होता, पण या रशियन माणसाचं म्हणणं त्याला पटलं. नव्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यानं मेचनिकॉव्हला स्वतंत्र प्रयोगशाळा दिली. १८८८ मध्ये तो तिथं गेला आणि मरेपर्यंत, म्हणजे २८ वर्षं, तिथंच राहिला.

मुंबईचं त्याच्याशी नातं जुळतं ते इथूनच. ओडेसात मेचनिकॉव्हच्या हाताखाली शिकलेला एक ज्यू विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. क्रांतिकारकांशी संबंध म्हणून पोलिसांनी त्याला धरलंही होतं. मेचनिकॉव्ह पॅरिसला गेल्यावर हाफकिनही मागोमाग आला. प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून त्याला ग्रंथालयात मदतनीसाचं काम मिळालं. पुस्तकं लावता लावता त्यानं कॉलऱ्यावर काम केलं आणि १८९२ मध्ये स्वतः तयार केलेली लस स्वतःलाच टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा याच हाफकिननं इथं प्लेगची लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये तीही आधी स्वतःलाच टोचली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणजे मेचनिकॉव्हच्या विद्यार्थ्याचीच खूण.

इकडे पॅरिसमध्ये मेचनिकॉव्हचं भांडण तापलं होतं.

विषय असा होता की जर्मन शास्त्रज्ञांना भक्षक पेशींची गरजच वाटत नव्हती. १८८८ च्या सुमारास जॉर्ज नटाल यानं दाखवलं की रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या तरी उरलेलं पाणी जंतू मारतं. हे पाणी म्हणजे सीरम, रक्त गोठल्यावर वर राहतो तो पिवळसर द्रव. हान्स बुखनर यानं पुढं दाखवलं की सीरम ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की ही शक्ती जाते. मग १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी कहर केला. धनुर्वाताविरुद्ध तयार झालेल्या प्राण्याचं सीरम दुसऱ्या प्राण्याला दिलं की तोही वाचतो, हे त्यांनी सिद्ध केलं. घटसर्पानं तडफडणारी मुलं पुढं अशाच सीरमनं वाचू लागली. आता सांगा, कोण म्हणणार की पेशी महत्त्वाच्या?

दोन तट पडले. एकीकडे पेशीवाले, म्हणजे मेचनिकॉव्ह आणि पाश्चर इन्स्टिट्यूट. दुसरीकडे सीरमवाले, म्हणजे बर्लिन. त्यात १८७० च्या युद्धानंतर फ्रान्स आणि जर्मनीचं एकमेकांशी वाकडं होतंच. परिषदांमध्ये मेचनिकॉव्ह केस विस्कटलेले, खिशात कागद कोंबलेले, अशा अवतारात उभा राहून एकटाच किल्ला लढवायचा.

१८९४ मध्ये सगळ्यात मोठा घाव बसला. कॉखचा सहकारी रिचर्ड फायफर यानं कॉलऱ्याविरुद्ध तयार केलेल्या गिनीपिगच्या पोटात कॉलऱ्याचे जंतू सोडले. थोड्या वेळानं पाहिलं तर जंतू फुगले, गोल झाले आणि विरघळून गेले. एकाही पेशीनं त्यांना खाल्लं नव्हतं. मेचनिकॉव्ह यामुळं पार हादरला.

पण तो गप्प बसणारा नव्हता. हा प्रकार बघायला त्यानं प्रयोगशाळेत नुकत्याच आलेल्या एका बेल्जियन पोराला कामाला लावलं. ज्यूल्स बोर्दे, वय चोवीस-पंचवीस. अबोल आणि कामात वाघ.

बोर्देनं १८९५ मध्ये केलेला प्रयोग इतका साधा आहे की घरातल्या कुणालाही सांगता येईल. लस दिलेल्या प्राण्याचं ताजं सीरम घेतलं, त्यात कॉलऱ्याचे जंतू टाकले, जंतू मेले. तेच सीरम ५५ अंशांवर तापवलं, शक्ती संपली. आता या तापवलेल्या, निकामी सीरममध्ये लस न दिलेल्या साध्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम घातलं. हे साधं सीरम एकट्यानं त्या जंतूंचं फारसं काही वाकडं करू शकत नव्हतं. पण दोन्ही एकत्र झाल्याबरोबर जंतू पुन्हा विरघळायला लागले.

म्हणजे सीरममध्ये एक नाही, दोन गोष्टी होत्या. एक उष्णता सहन करणारी, लस दिल्यावर तयार होणारी आणि ठरावीक जंतूच ओळखणारी. तिला आज आपण अँटीबॉडी म्हणतो. दुसरी उष्णतेनं मरणारी, प्रत्येकाच्या रक्तात जन्मापासून असणारी आणि जंतू कोणता याच्याशी देणंघेणं नसणारी. गावात चोर शिरला तर एक जण त्याला ओळखून बोट दाखवतो आणि जमलेले लोक चोप देतात, तसं. पहिली बोट दाखवणारी, दुसरी चोप देणारी. या दुसरीला पॉल एर्लिख यानं पुढं कॉम्प्लिमेंट हे नाव दिलं. कॉम्प्लिमेंट म्हणजे पूरक, अँटीबॉडीचं काम पूर्ण करणारी.

आता मेचनिकॉव्हची अवस्था बघा. ज्या माणसानं आयुष्यभर सांगितलं की लढाई पेशी लढतात, त्याच्याच टेबलावर, त्याच्याच शिष्यानं सीरमवाल्यांचं मुख्य हत्यार उघडं करून दाखवलं होतं. एखाद्यानं असला निकाल कपाटात ठेवून दिला असता. मेचनिकॉव्हनं तसं केलं नाही. बोर्देचा लेख पाश्चर इन्स्टिट्यूटच्या स्वतःच्या नियतकालिकात छापून आला. बोर्दे १९०१ पर्यंत तिथं काम करत राहिला, नंतर ब्रुसेल्सला गेला आणि १९१९ चं नोबेल त्याला मिळालं.

मेचनिकॉव्हनं हार मात्र मानली नाही. त्यानं म्हटलं, ठीक आहे, रक्तात जंतू मारणारं द्रव्य आहे. पण ते येतं कुठून? त्याच्या मते ते भक्षक पेशींच्या पोटातलंच होतं, आणि पेशी फुटल्यामुळं बाहेर सांडलेलं होतं. म्हणजे शेवटी श्रेय पेशींचंच. १९०१ च्या प्रतिकारशक्तीवरच्या त्याच्या जाडजूड ग्रंथात त्यानं हाच मुद्दा लावून धरला. विरोधकांना ही पळवाट वाटली, आणि बऱ्याच अंशी ती होतीच.

तोडगा निघाला लंडनमध्ये. १९०३ मध्ये ऑल्मरॉथ राइट आणि स्टुअर्ट डग्लस यांनी दाखवलं की भक्षक पेशी जंतू खातात हे खरं, पण सीरम असेल तर त्या कितीतरी जास्त खातात. सीरममधलं काहीतरी जंतूंना चिकटून त्यांना चविष्ट करतं. त्याला त्यांनी ऑप्सोनिन नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भाकरीबरोबर खायचा पदार्थ. मराठीत याला चपखल शब्द आहे, तोंडीलावणं. जंतू ही भाकरी, सीरम हे तोंडीलावणं आणि जेवायला बसलेली भक्षक पेशी. बर्नार्ड शॉनं यावर डॉक्टरांची टर उडवणारं नाटकही लिहिलं.

१९०८ मध्ये नोबेल समितीनं वैद्यकशास्त्राचा पुरस्कार दोघांना विभागून दिला. एक मेचनिकॉव्ह, पेशीवाला. दुसरा पॉल एर्लिख, सीरमवाला. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, २८ डिसेंबरला, भूकंपानं मेसिना शहर जमीनदोस्त झालं.

व्यक्तिगत वैर मात्र त्यानं धरलं नाही. घटसर्पाच्या सीरमसाठी नोबेल मिळालेल्या बेरिंगशी त्याची इतकी मैत्री झाली की बेरिंगनं आपल्या एका मुलाचा गॉडफादर त्याला केलं.

मग खरं कोण होतं? याचं उत्तर बघायला दोघांपैकी कुणी जिवंत राहिलं नाही.

मेचनिकॉव्हनंतर पेशींची बाजू बरीच वर्षं मागं पडली. अँटीबॉडीवर सगळ्यांचं लक्ष होतं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत एक विचित्र पेशी दिसली. फांद्या फुटलेली, सतत हातपाय हलवणारी. ग्रीकमध्ये झाडाला डेंड्रॉन म्हणतात, म्हणून त्यांनी तिला डेंड्रिटिक सेल म्हटलं. लँगरहान्सला १०५ वर्षांपूर्वी कातडीत दिसलेल्या पेशी याच कुळातल्या. स्टाइनमनला २०११ मध्ये नोबेल जाहीर झालं, पण जाहीर होण्याच्या तीन दिवस आधीच तो कर्करोगानं गेला होता.

ही पेशी जंतू खाते, पण पोट भरायला नाही. ती त्याचे तुकडे करते आणि ते अंगावर मिरवत जवळच्या लसिकाग्रंथीत जाते. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते ना, तीच ग्रंथी. तिथं टी पेशी वाट बघत असतात. डेंड्रिटिक पेशी त्यांना तुकडा दाखवते आणि मग त्या जंतूविरुद्धची खास फौज तयार होते. लस काम करते ती याच वाटेनं.

आणि इथं कॉम्प्लिमेंट येतं. बोर्देला जी एक गोष्ट वाटली होती ती आज ३० हून जास्त प्रथिनांची फौज असल्याचं माहीत आहे. त्यातलं मधलं प्रथिन सी-थ्री. धोका दिसला की ते तुटतं. मोठा तुकडा जंतूला चिकटतो, तेच राइटचं तोंडीलावणं. छोटा तुकडा सुटून आजूबाजूला हाकाटी करतो. डेंड्रिटिक पेशीच्या अंगावर या दोन्ही प्रकारच्या तुकड्यांसाठी ग्राहक असतात. चिकटलेला तुकडा तिला काय खायचं ते सांगतो, सुटलेला तुकडा किती गंभीरपणे घ्यायचं ते सांगतो. ही हाकाटी पोचली तर ती टी पेशींना जास्त जोरानं उठवते. उंदरांमध्ये डेंड्रिटिक पेशी ओळखायची जी सगळ्यात प्रचलित खूण आहे, सी-डी-इलेव्हन-सी, ती स्वतः कॉम्प्लिमेंटच्या एका ग्राहकाचाच भाग आहे.

हेच कॉम्प्लिमेंट ब्रेक लावायचंही काम करतं. आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी मरतात. त्यांच्यावर कॉम्प्लिमेंटचे तुकडे बसतात, भक्षक आणि डेंड्रिटिक पेशी त्या गुपचूप उचलतात आणि कसलीही आरडाओरड करत नाहीत, कारण तो घरचाच कचरा असतो. ज्यांच्यात सी-वन-क्यू हे कॉम्प्लिमेंटचं पहिलं प्रथिन जन्मतः नसतं, त्यांच्यापैकी बहुतेकांना ल्युपस होतो. या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते.

आता मेचनिकॉव्हची ती पळवाट आठवा. कॉम्प्लिमेंटची बहुतेक प्रथिनं यकृतात बनतात, त्यामुळे ते भक्षक पेशींमधून सांडतं हे त्याचं म्हणणं तसं चुकलंच. पण हे सी-वन-क्यू मात्र मुख्यतः बनवतात त्या भक्षक पेशी आणि डेंड्रिटिक पेशीच. फुटून सांडत नाहीत, जिवंतपणी तयार करून सोडतात.

शेवटच्या वर्षांत मेचनिकॉव्हला म्हातारपणानं पछाडलं होतं. वृद्धत्वाच्या अभ्यासाला जेरोंटॉलॉजी हे नाव त्यानंच दिलं. मोठ्या आतड्यात सडणाऱ्या अन्नामुळं विष तयार होतं आणि त्यानं माणूस लवकर म्हातारा होतो, असं त्याला वाटायचं. बल्गेरियातले शेतकरी खूप जगतात आणि रोज दही खातात, हे ऐकून त्यानं स्वतः रोज आंबवलेलं दूध प्यायला सुरुवात केली. मग काय, पॅरिसपासून अमेरिकेपर्यंत दह्याच्या आणि दह्याच्या गोळ्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. आपल्याकडे दहीभात खाणाऱ्या कुणाला यात नवल वाटणार नाही, पण युरोपात तेव्हा ते औषधाच्या दुकानात विकलं जात होतं. आज प्रोबायोटिकचा डबा विकणारी प्रत्येक कंपनी थोडीफार त्याची देणेकरी आहे. दह्यानं आयुष्य वाढतं हे मात्र तो सिद्ध करू शकला नाही.

१९०९ मध्ये तो टॉलस्टॉयला भेटला. त्याचा थोरला भाऊ इव्हान न्यायखात्यात होता आणि १८८१ मध्ये आजारानं वारला होता. टॉलस्टॉयच्या इव्हान इल्यीचच्या मृत्यूवरच्या प्रसिद्ध कथेमागं तोच भाऊ होता.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि प्रयोगशाळा ओस पडली. तरुण सहकारी आघाडीवर गेले. एकमेकांचे प्रयोग तपासणारे फ्रेंच आणि जर्मन आता एकमेकांवर तोफा डागत होते. मेचनिकॉव्हचं हृदय आधीच थकलेलं होतं. जुलै १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, पाश्चर इन्स्टिट्यूटच्याच आवारात तो गेला. जाण्यापूर्वी त्यानं एका सहकारी डॉक्टरला बजावून ठेवलं होतं की शवविच्छेदन करताना आतडी नीट बघ.

त्याच्या इच्छेप्रमाणं दहन झालं. अस्थिकलश पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवला आहे. हाफकिनला पॅरिसमधलं पहिलं काम मिळालं होतं तेही याच संस्थेच्या ग्रंथालयात.